कानाचा मान

शिरगणतीची मुलगी दारात आली तेव्हा मेलिस एका हातात चहाचा वाडगा आणि दुसऱ्या हातात चष्मा घेऊन चष्माच शोधत होता. मुलगी वीस-बावीसची असेल. गळ्यात ओळखपत्र, हातात काचेची पाटी, बुटांना मार्चचा चिखल. बंद लिफ्टला शिव्या घालत चौथ्या मजल्यापर्यंत चढून आलेली, म्हणून आधी तिला पाणी द्यावं लागलं. पाणी दिल्यावर बसवावं लागलं, बसवल्यावर पाव आणि जर्दाळूचा मुरंबा पुढे करावा लागला, कारण बिश्केकमध्ये माणूस सरकारी असला तरी उंबरठ्याच्या आत आला की पाहुणाच. तिनं नाव विचारलं. त्यानं 'मेलिस' म्हणून सांगितलं आणि सवयीनं थांबला. हे नाव ऐकून हल्लीची मुलं हसतात की काय ते तो पाहून घेत असे. क्रांतीच्या चार थोर पुरुषांची, म्हणजे एकूण तीन दाढ्या आणि एक मिशी यांची, अक्षरं जुळवून बापानं ते ठेवलं होतं. चौघांपैकी एकही बारशाला आला नव्हता. मिशीवाल्याचे पुतळे तोवर उतरवूनही झाले होते, पण ती बातमी तळ्याच्या दक्षिण काठाला पोचायची होती. मुलगी हसली नाही. तिनं वय लिहिलं, बासष्ट. धंदा लिहिला, निवृत्त. आधी काय करत होता ते विचारल्यावर मेलिसनं सांगितलं की छत्तीस वर्षं तो ट्रॉलीबसांची वेळापत्रकं आखत होता, आणि मुलीनं पहिल्यांदाच पाटीवरून मान वर करून विचारलं, "त्यांना वेळापत्रक होतं?" मग ती स्वयंपाकघराकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "काकू, तुम्हाला एकूण मुलं किती झाली?"

"दोन," मेलिस म्हणाला.

"तीन," आतून अनारकुल म्हणाली.

नळ चालू होता तो बंद झाला. मुलगी एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत राहिली.

"एकच आकडा बसतो, काका."

"मग दोन लिही. मोठा आमच्याकडे नसतो. तो माझ्या आईवडिलांचा. तिकडे तळ्याकाठी मोजला जाईल."

"त्यांचा म्हणून?"

"त्यांचाच. पहिला त्यांना दिलेला. तुमच्याकडे नाही देत?"

"आमच्या मामांना असंच त्यांच्या आजीला दिलं होतं," मुलगी म्हणाली. तिला काही नवल वाटलं नव्हतं. तिनं फक्त बोट पाटीवर अधांतरी धरलं होतं. "आजी-आजोबा आहेत ना पण?"

"नाहीत. बाबा जाऊन आठ वर्षं झाली, आई तीन वर्षांपूर्वी."

"मग तिकडे तो मुलगा म्हणून नाही हो मोजला जाणार. तिकडे तो घरचा कर्ता. मुलगा म्हणून तो कुठेच नाही." आणि मुरंब्याचं बोट चाटून ती सहज म्हणाली, "काकू म्हणतात तर मी तीनच लिहिते. बाईला विचारायचाच प्रश्न आहे हा."

ती गेली. वाडग्यातला चहा निवला. एवढंच झालं होतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं, सरकारनं एक आकडा विचारला होता आणि तो मिळाल्यावर ते खाली तिसऱ्या मजल्यावर गेलं होतं. पण मेलिसच्या कानात त्या मुलीचं वाक्य पाणी गेल्यासारखं राहिलं. डोकं कलतं करून, एका पायावर उड्या मारूनही ते निघेना. मुलगा म्हणून तो कुठेच नाही. एकोणचाळीस वर्षांचा, दोन घोडे, सहा तंबू, एक बायको आणि एक पाच वर्षांची मुलगी असलेला धडधाकट एसेन मुलगा म्हणून कुठेच नव्हता. कपाटातली एखादी बरणी हलवावी आणि मागे जागा दिसावी तशी मेलिसला ती जागा दिसली. इतकी वर्षं तिथे बाप उभा होता, आणि बापाच्या पलीकडे बघणं बरं दिसत नाही म्हणून त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आता बाप नाही, आई नाही. जागा रिकामी आहे आणि रांगेत आपणच आहोत, असं काहीतरी, छत्तीस वर्षं लोकांना थांब्यावर ताटकळत ठेवलेल्या माणसाला सुचावं तसं, त्याला सुचलं.

आई एसेनला न्यायला आली ती बटाटे घेऊन. हे त्याला नेहमी आधी आठवे. पोराचा चेहरा नंतर. वसतिगृहाची नऊ चौरस मीटरची खोली, बाहेर सात कुटुंबांची मिळून एक शेगडी, अनारकुलची शेवटची परीक्षा तोंडावर, आणि तळ्याकडच्या बसमधून उतरलेली आई, पाठीवर अर्धं पोतं. बटाटे कोपऱ्यात ओतले, त्याच पोत्याची घडी करून पोराच्या खाली घातली, पोराला शालीत बांधलं. "पहिला आमचा," ती म्हणाली. यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. मेलिसच्या बापाचा मोठा भाऊही असाच आजीकडे वाढला होता. म्हातारं घर पोराशिवाय राहू नये, सगळीकडे असंच. अकरा महिन्यांचं पोर आजीच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत, शालीची दशी चघळत गेलं. त्या संध्याकाळी ती दोघं सिनेमाला गेली. कुणी कुणाला चल म्हटलं ते आता दोघांपैकी कुणीच सांगत नसे. सिनेमा विनोदी होता आणि ती हसली, पुष्कळ हसली. एवढी निवांत संध्याकाळ त्यांना वर्षभरात मिळाली नव्हती, एवढा मोकळा हात त्यांनी वर्षभरात हातात धरला नव्हता. मध्येच अंधारात मेलिसला दिसलं की अनारकुलचं पोलकं पुढून भिजलंय. तिलाही ते कळलं होतं. कोट तसाच ओढून घेऊन ती पडद्याकडे बघत हसत राहिली. हा सुटकेचा हिशोब त्यानं कधीच कुणाला दिला नाही. पुढे दोन मुली झाल्या, त्या त्यांनी स्वतः वाढवल्या, एक मॉस्कोत आहे, दुसरी अल्माटीत. वाढवलेली मुलं दूर गेली आणि दिलेला मुलगा पाच तासांवर राहिला, यात विनोद आहे हे मेलिसला समजत असे; हसू तेवढं येत नसे.

दर उन्हाळ्यात ती दोघं तळ्यावर जात. सगळं बिश्केकच जातं. जुलै लागला की शेजारी जिन्यात विचारतात, "काय, विश्रांतीला?" आणि आपण "विश्रांतीला" म्हणायचं असतं. तळ्याचं नाव गरम तळं. चहूकडे बर्फाचे डोंगर आणि मध्ये हे, थंडीतही न गोठणारं. परदेशी लोक नाव ऐकून पोहण्याचे कपडे घालून धावत येतात आणि पाय घातल्यावर किंचाळतात. त्यांना कुणी सांगत नाही की गरम म्हणजे एवढंच: गोठत नाही. मेलिस दर उन्हाळ्यात जाई आणि एसेन दर उन्हाळ्यात आजोबांच्या पायाला बिलगून उभा असे आणि म्हणे, "या दादा. या वहिनी." सायकल आणली तरी "दादांनी आणली", बूट आणले तरी "दादांनी आणले". आजोबांना तो बाबा म्हणे. त्याला कुणी फसवलं नव्हतं; सगळ्या गावाला माहीत होतं, सातव्या वर्षी त्यालाही माहीत होतं, आणि माहीत असूनही ज्याला जे म्हणायचं ते तो म्हणत होता. मेलिसला जर कुणी फसवलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

त्यातला एक उन्हाळा मात्र त्याच्या अंगात काट्यासारखा होता. एसेन पाच वर्षांचा, मेलिस अठ्ठावीस. मेंढी कापली होती, उकडलेलं डोकं ताटात बापापुढे आलं होतं. बापानं सुरी घेतली आणि कान कापला. कान घरच्या मुलाला द्यायचा, मूल ऐकणारं व्हावं म्हणून. आणि त्या घरातला मुलगा आठवतं तेव्हापासून मेलिसच होता. अठ्ठावीस वर्षांचा, नोकरीवाला, दोन मुलांचा बाप, तरी बापाचा हात कान घेऊन उठला तसा मेलिसचा हात आपोआप पुढे झाला. बापाचा हात त्याच्या नाकाखालून पुढे गेला आणि एसेनपाशी थांबला. सगळे हसले. बापही हसला. मेलिसचा हात तसाच पुढे राहिला होता, तर त्यात बापानं गालाचं मांस ठेवलं, फार मोठा मान केल्यासारखं. एका मिनिटात तो मुलगाही उरला नव्हता आणि बापही झाला नव्हता. पाच वर्षांच्या पोराचा त्याला हेवा वाटला होता, आपल्याच पोराचा, आणि तो हेवा धाकट्या भावाचा वाटावा तसाच होता, म्हणजे तोही त्यानं नेमून दिलेल्या नात्यातच केला होता.

मार्चपासून जूनपर्यंत मेलिसनं त्या कानाचं वेळापत्रक आखलं. अनारकुलला तो काही बोलला नाही. रात्रीचं जेवण झालं की खिडकीत बसून तो मनात गाड्या सोडी: जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पोचायचं, तिसऱ्या दिवशी एसेन मेंढी कापणारच, मोठा भाऊ आल्यावर कापावीच लागते, डोकं सगळ्यांत वडीलधाऱ्यापुढे ठेवायचं, वडीलधारा आता मीच, सुरी मी घेणार, उजवा कान कापणार आणि एसेनच्या हातात ठेवणार. शब्द एकही बोलायचा नाही. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला कान दिला की त्याचा अर्थ एकच होतो. घेतला तर घेतला. या सगळ्या गाड्या कोरड्या रस्त्यानं, एकमेकींना न अडवता धावत होत्या. ट्रॉलीबसांच्याही कागदावर तशाच धावायच्या.

बूम घाट ओलांडून बालिक्चीला आलं की तळं दिसतं. रस्त्याकडेला बाया दोरीत ओवलेले वाळके मासे हलवत उभ्या असतात. अनारकुलनं दर वर्षीप्रमाणे एक माळ घेतली आणि दर वर्षीप्रमाणे गाडीभर तिचा वास झाला. एसेन फाट्यावर घोडागाडी घेऊन आला होता. पांढरी नमद्याची टोपी, उन्हानं रापलेलं नाक. ते नाक मेलिसचं होतं, मुळाशी किंचित उजवीकडे वळलेलं. मेलिस दाढी करताना रोज ते बघे.

"या दादा. या वहिनी. मासे घेतलेत ना? बाबा म्हणायचे, मेलिसची गाडी आधी वासाला दिसते, मग डोळ्याला."

"म्हणायचे खरे," मेलिस म्हणाला.

"सहाव्या तंबूत जागा केलीय तुमची. पाच भरलेत. हॉलंडचे लोक आलेत, अकरा जणं. म्हातारी आहे एक चौऱ्याहत्तरची, ती सकाळी सगळ्यांच्या आधी पाण्यात. तिला बघून आमचा कुत्रासुद्धा थंडीनं कापतो."

एसेनचं चांगलं चाललं होतं. आजोबांच्या जमिनीवर, अगदी काठाशी, सहा तंबू आणि एक पाटी. पाहुण्यांना घोडे, पोहणं, आणि तो म्हणे तसं 'आपलं जुनं सगळं'. जुनं सगळं दुपारी चारपासून सहापर्यंत असे. शेजारच्या गावचा एक माणूस गरुड घेऊन येई, कोल्ह्याचं कातडं दोरीनं ओढी, आणि गरुड बहुतेक वेळा त्या कातड्याकडे बघून मान फिरवी. त्यानं तो कोल्हा गेल्या वर्षीच ओळखला होता. एसेनची बायको बेगायीम गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, ती सगळ्यांना सगळं समजावून सांगे. अनारकुलला तिनं नमदा तुडवायला उभं केलं. हॉलंडच्या बायांच्या रांगेत, हात हातात धरून, ओल्या लोकरीची गुंडाळी तुडवत. अनारकुल सासूच्या हाताखाली असे वीस नमदे तुडवून म्हातारी झाली होती. बेगायीम इंग्रजीतून सांगत होती पाय कसा ठेवायचा, आणि अनारकुल, एक अक्षर न समजता, सांगितल्यासारखा पाय ठेवत होती. एसेन जवळून गेला तेव्हा म्हणाला, "वहिनींना जमतंय की!" आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अनारकुल हसली. मेलिसला ते हसणं कुठे पाहिलंय ते लगेच आठवलं, आणि तो पाण्याकडे निघून गेला.

पाणी थोडं खारट असल्यामुळे अंग धरून ठेवतं. मेलिस पाठीवर पडला. पलीकडचा काठ धुरकट, त्याच्यावर बर्फाची रेघ. इथेच एसेन सहाव्या वर्षी एकदा खोलात गेला होता आणि "बाबा!" म्हणून ओरडला होता. मेलिस हातभर अंतरावर होता, त्यानं त्याला उचललं, छातीशी धरलं, आणि पोरानं त्याच्या खांद्यावरून काठाकडे बघत पुन्हा हाक मारली. काठावरून बाप, ज्याला पोहता येत नव्हतं, बुटांसकट पाण्यात धावत आला होता. मेलिसनं पोर त्याच्या हातात दिलं. भिजलेल्या सामानासारखं, मालकाच्या हातात. आणि आठ वर्षांपूर्वी त्याच बापाच्या मरणाला, तंबूबाहेर, कंबर बांधून, काठीवर वाकून दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे राहिले, आणि येणारा प्रत्येक माणूस दिसला की दोघांनी मिळून हंबरडा फोडायचा: बाबा हो, माझे बाबा! नोव्हेंबरचा वारा, सबंध दिवस. मेलिसला तो शब्द त्या दिवशी एसेनच्या तोंडून शंभर वेळा ऐकायला मिळाला, कानाला कान लागेल एवढ्या जवळून. तो त्याच्या अंगावरून जात होता. दुपारनंतर मेलिसचा आवाज बसला, एसेनचा बसला नाही. लोक म्हणाले, धाकट्याचा जीव जास्त होता.

"दादा, फार आत नको," काठावरून एसेन ओरडला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो उभा होता. "गार लागलं की पायात गोळा येतो तुमच्या वयात."

मेलिस चालत बाहेर आला. एसेननं त्याच्या पाठीवर पंचा टाकला आणि तो नीट खांद्यावर ओढला, दोन्ही हातांनी. मग दोघं काठावर बसले.

"शिरगणतीवाले आले होते का रे तुझ्याकडे?"

"आले होते की. घोडे नाही मोजले, माणसंच मोजली. तीन. मी कर्ता म्हणून लिहिलं."

"आईवडिलांचं काही विचारलं?"

"ह्या वयात कोण विचारतंय, दादा." एसेननं एक चपटा दगड पाण्यावर फेकला, तो चारदा उडाला आणि गेला. "का हो?"

"काही नाही. आमच्याकडे फार प्रश्न विचारत होती एक मुलगी."

"शहरात रिकामटेकडे फार," एसेन म्हणाला. त्याच्या आवाजात काहीही नव्हतं, राग नव्हता, टोचणं नव्हतं. मेलिसनं तो आवाज वरून, खालून, सगळीकडून तपासला. कुठे एक चीर असती तर त्यानं बोट घातलं असतं. मायेनं, मानानं भरलेला असा तो सलग आवाज होता, मोठ्या भावाशी बोलायचा.

तिसऱ्या दिवशी एसेननं मेंढी आणली. वेळापत्रकात होती तशीच, सकाळी नऊच्या सुमाराला. घरातला वडीलधारा म्हणून त्यानं तिच्यावर हात पसरून आशीर्वाद म्हटला, आणि एसेन तिला घेऊन मागे गेला. दुपारी मोठ्या तंबूत बैठक घातली. बेगायीमनं हातांवर पाणी घातलं. मेलिस नवा सदरा घालून, टोपी सारखी करून, दाराच्या समोरच्या मानाच्या जागेकडे निघाला. अर्ध्या वाटेत एसेननं त्याचा कोपर धरला.

"दादा, इकडे. तुम्ही घरचे."

"म्हणजे?"

"म्हणजे आज आपण यजमान. पाहुण्यांना वर बसू दे. तुम्ही माझ्याशेजारी, दाराकडे." आणि हसून, खालच्या आवाजात, "तुम्ही वर जाऊन बसलात तर मी एकटा पडेन हो इथे."

याच्यासाठी वेळापत्रकात गाडी सोडली नव्हती. साडेतीन महिन्यांत मेलिसनं सगळं धरलं होतं, पाऊस, रस्ता, अनारकुलचं गुडघ्याचं दुखणं. एवढंच धरलं नव्हतं की एसेन त्याला घरचा म्हणेल. घरच्यापुढे डोकं ठेवत नाहीत. तो एसेनच्या शेजारी बसला, गुडघ्याला गुडघा लागेल असा. दारातून तळ्याचा वारा पाठीवर येत होता. समोर, मानाच्या जागी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या हेन्रिएट बाई केस अजून ओले असताना बसल्या होत्या. ताट आलं ते त्यांच्यापुढे गेलं, डोक्याचं तोंड त्यांच्याकडे करून. बाईंनी डोक्याकडे पाहिलं. डोक्यानं बाईंकडे पाहिलं.

मग बाई बेगायीमला काहीतरी म्हणाल्या आणि सुरी मुठीकडून, ताटावरून, सगळ्यांवरून, नेमकी मेलिसच्या दिशेनं पुढे झाली.

"म्हणतात, मला हे जमायचं नाही," बेगायीम म्हणाली. "म्हणतात, तुमच्यातल्या थोरल्यांनी माझ्या वतीनं करावं. चालतं ना, दादा?"

"चालतं," एसेन म्हणाला. "आनंदानं चालतं."

ताट उचलून मेलिसपुढे आणलं. सुरी बापाचीच होती. मुठीचं शिंग अंगठ्याच्या जागी झिजलेलं, आणि मेलिसचा अंगठा त्या खळग्यात बसला. डोक्यातून वाफ येत होती. त्यानं उजव्या कानाच्या मुळाशी सुरी लावली. कान सुटून बोटांत आला, गरम, मऊ, चामड्यासारखा. बेगायीम वर पाहुण्यांना समजावत होती, शाळेतल्या आवाजात. बाईंनी काही विचारलं. बेगायीम थांबली. मग तिनं विचारलं, पण मेलिसकडे न बघता, ताटाकडे बघत.

"विचारतात, कान मुलाला द्यायचा ना. तर यांतला तुमचा मुलगा कोण?"

नंतर बिश्केकच्या खिडकीत मेलिस किती वेळा तरी ते मोजणार होता. फार तर तीन सेकंद. थांब्यावर दारं उघडून मिटायला लागतो तेवढा वेळ. कान त्याच्या बोटांत होता, एसेनचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागलेला होता, प्रश्न कुणीतरी सात समुद्रांपलीकडून येऊन, ओल्या केसांनिशी, त्याच्यासाठी विचारला होता. उत्तर द्यायला तोंडसुद्धा उघडायचं नव्हतं. हात नुसता डावीकडे, वीतभर न्यायचा. त्यानं नेला. एसेनचा गुडघा बाजूला झाला. झटक्यानं नाही, माणूस मांडी बदलतो तसा.

"दादांना दोन मुली," एसेन बेगायीमला म्हणाला. "दोन. एक मॉस्कोत असते, एक अल्माटीत. सांग त्यांना."

"टू," बेगायीम म्हणाली, आणि बायांनी माना डोलावल्या.

मेलिसचा हात तिथेच होता, एसेनच्या छातीपुढे. एसेननं तो कान दोन्ही हातांनी घेतला. थोरल्यांच्या हातून काही घेताना घ्यावा तसा, किंचित वाकून. क्षणभर तो त्यानं ओंजळीत धरला; त्या क्षणात मेलिसनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पाहायला हवं होतं की काय हे त्याला पुढेही ठरवता आलं नाही. मग एसेन मागे वळला आणि दाराशी बसलेल्या आपल्या मुलीच्या हातात त्यानं तो ठेवला.

"घे, नूर्झात. काकांनी दिलाय. काय म्हणायचं?"

"थोर व्हा, काका," नूर्झात म्हणाली. पाच वर्षांची, मुळाशी किंचित उजवीकडे वळलेलं नाक. तिनं कानाचा एक घास घेतला, चावून पाहिला, आणि उरलेला मुठीत धरून ती बाहेर कुत्र्याकडे पळाली. सगळे हसले. हेन्रिएट बाईंनी छातीवर हात ठेवला, त्यांना फारच आवडलं होतं. कुणीतरी फोटो काढला. त्या फोटोत, एसेननं नंतर दाखवला, मेलिसही हसतोय आणि त्याचा हात पुढे आहे, रिकामा.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून अनारकुलनं त्या हातावर पावाचा तुकडा ठेवला. तिनं इकडे पाहिलं नव्हतं, की पाहिलं होतं. ती पुन्हा शेजारणीच्या वाडग्यात चहा ओतायला लागली.

जेवण संपल्यावर घरातला थोरला म्हणून शेवटचा आशीर्वाद मेलिसनंच म्हणायचा होता. एसेननं ओंजळ पसरली, बेगायीमनं, हॉलंडच्या अकरा जणांनीही पसरल्या. मेलिसच्या तोंडून शब्द आले ते बापाचे होते, दुसरे त्याला येतच नव्हते: या घराचा धूर बंद न पडो, या घरातल्या मुलांनी आईबापाचं तोंड पाहावं आणि आईबापांनी मुलांचं. कुठे अडखळला नाही. "ओमीन," म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. एसेननं सगळ्यांत सावकाश फिरवला.

निघायच्या दिवशी एसेन फाट्यापर्यंत आला. जर्दाळूंची बादली त्यानं गाडीत अनारकुलच्या पायाशी ठेवली, वर फडकं बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"वहिनी, वाटेत खा. खालचे जास्त पिकलेत, ते आधी."

"बरं," अनारकुल म्हणाली.

"दादा, पुढल्या वर्षी जून अखेरीलाच या. पाणी तेव्हा बरं असतं." मग दार लोटता लोटता तो थांबला, मेलिसला वाटलं की थांबला, आणि म्हणाला, "पायाला गरम पट्टा बांधत जा. बाबांना पण असाच गोळा यायचा."

गाडी सुटली. तळं उजव्या हाताला बराच वेळ येत राहिलं. बालिक्ची आली, मासे हलवणाऱ्या बाया आल्या, अनारकुलनं या वेळी काच खाली केली नाही. मेलिस तिच्या हातांकडे बघत होता. त्या हातांना ओल्या लोकरीचा वास अजून होता. अडतीस वर्षांपूर्वीच्या सिनेमाबद्दल आता बोलावं, असं त्याला वाटलं. नाव काय होतं त्याचं, एवढं जरी विचारलं असतं तरी चाललं असतं.

"ही मोजणी परत कधी असते हो?" अनारकुलनं विचारलं.

"दहा वर्षांनी."

तिनं फडक्याखाली हात घालून एक जर्दाळू काढला, खालचा, पिकलेला.

"तेव्हा मी दोन सांगीन," ती म्हणाली.

तिनं जर्दाळू उघडला, अर्धा त्याला दिला, अर्धा आपण खाल्ला. बी तिनं तोंडात ठेवली, आणि बूम घाट गेला, टोकमोक गेलं, बिश्केकचे पहिले दिवे आले तरी ती काढली नाही.